डिस्क भरली की आधी पुसू नका : सर्व्हर सांभाळताना या चुका टाळा

लिनक्स सर्व्हर नव्याने सांभाळू लागलेल्यांची एक चूक मला इतक्या ठिकाणी दिसली आहे की तिच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. डिस्क शंभर टक्के भरल्याचा इशारा येतो, घाईघाईने सर्वांत मोठी लॉग फाईल (प्रोग्राम आपल्या घडामोडी नोंदवत जातो ती फाईल) शोधून ‘आरएम’ या पुसण्याच्या कमांडने पुसली जाते, आणि तरीही डिस्क किती भरली ते सांगणारी ‘डीएफ’ कमांड शंभरच टक्के दाखवत राहते. ‘आरएम’ केवळ फाईलचे नाव काढून टाकते. ज्या प्रोसेसने, म्हणजे चालू प्रोग्रामने, ती फाईल उघडून ठेवलेली असते, ती प्रोसेस फाईल सोडत नाही तोवर डिस्कवरची जागा मोकळी होत नाही. नाव गेल्यामुळे फाईलींचे आकार मोजणाऱ्या ‘डीयू’ कमांडला ती फाईल दिसत नाही, ‘डीएफ’ मात्र तिची जागा मोजत राहते, आणि दोघांचे आकडे जुळत नाहीत. अशा वेळी मी ‘एलएसओएफ’ ही कमांड ‘+एल१’ या पर्यायासह चालवतो, पुसलेल्या पण उघड्या राहिलेल्या फाईली कोणत्या प्रोसेसकडे आहेत ते पाहतो आणि तेवढीच सेवा रीस्टार्ट करतो. चालू लॉग फाईल मुळात पुसूच नये. फारच निकड असेल तर ‘ट्रंकेट’ने तिचा आकार शून्यावर आणावा.

ही चूक पुढे कुठवर जाऊ शकते, ते मी पुण्यातील एका कंपनीत पाहिले. तेथे पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या डेटाबेसची जुनी आवृत्ती चालू होती. डिस्क भरल्यामुळे डेटाबेस बंद पडला होता, लॉग पुसूनही जागा मिळाली नव्हती आणि कार्यालयातून फोनवर फोन येत होते. सर्व्हर पाहणाऱ्या तरुणाला ‘पीजी_एक्सलॉग’ नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्येकी १६ एमबीच्या शेकडो फाईली दिसल्या आणि नावात ‘लॉग’ आहे एवढ्यावरून त्याने त्या सर्व पुसल्या. वस्तुतः डेटाबेस अचानक बंद पडल्यानंतर तो ज्या नोंदींच्या आधारे पुन्हा उभा राहतो, त्याच नोंदी त्या फाईलींमध्ये होत्या. याच गैरसमजापायी जगभर इतके डेटाबेस बिघडले, की २०१७ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीत पोस्टग्रेसने त्या फोल्डरचे नाव बदलून ‘पीजी_वॉल’ केले. या कंपनीत रात्रीचा बॅकअपही त्याच डिस्कवर जात असल्यामुळे त्याची फाईल अर्धवटच तयार झाली होती. अखेर एका प्रोग्रामरने चाचणीसाठी उतरवून घेतलेली जुनी प्रत चढवण्यात आली आणि मधल्या काळातील नोंदी कर्मचाऱ्यांना छापील चलनांवरून पुन्हा भराव्या लागल्या. पुसण्यापूर्वी त्या फोल्डरचे नाव दस्तऐवजात शोधण्यास दोन मिनिटे लागली असती, आणि नवख्यांना नेमकी तीच दोन मिनिटे जड वाटतात याचे मला खरोखर वाईट वाटते.

बॅकअप घेतला जातो, पण तो पुन्हा चढवून कोणी पाहत नाही, ही माझ्या दृष्टीने दुसरी मोठी चूक आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या सेवेच्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेस सर्व्हरवरील डेटा पुसला. सुमारे ३०० जीबीपैकी अवघे ४.५ जीबी उरले. रोजचा बॅकअप पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीवर ९.२ चे साधन वापरत असल्यामुळे कधीपासून अयशस्वी होत होता, आणि तसे कळवणारे ईमेल नाकारले जात असल्यामुळे कोणापर्यंत पोहोचतच नव्हते. सुमारे सहा तास आधी एकाने हाताने घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे त्या वेळच्या डेटाची प्रत, उपयोगी पडला. गिटलॅबने हे सर्व उघडपणे प्रसिद्ध केले, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे. मी स्वतः दर महिन्याला बॅकअप वेगळ्या मशीनवर चढवतो आणि मोठ्या टेबलांमधील ओळी मोजून मूळ संख्येशी ताडून पाहतो. ‘स्क्रिप्ट एररशिवाय संपली’ एवढा पुरावा मी ग्राह्य धरत नाही.

फाईल वापरण्याच्या परवानगीची अडचण आली की ‘सीएचमॉड ७७७’ (सर्वांना सर्व परवानग्या देणारी कमांड) चालवण्याचा सल्ला कृपया कोणालाही देऊ नका. ती कमांड चुकून रूटपासून, म्हणजे सर्वांत वरच्या फोल्डरपासून, संपूर्ण प्रणालीवर चालली, तर प्रशासकाचे अधिकार देणारी ‘सुडो’ आणि दुरून लॉगिन करण्याची एसएसएच सेवा दोन्ही काम करणे थांबवतात. एसएसएचची सेटिंग बदलताना आधी ‘एसएसएचडी -टी’ने ती तपासावी, आणि नवे लॉगिन यशस्वी होईपर्यंत जुने सेशन बंद करू नये. दूरच्या सर्व्हरवर फायरवॉल चालू करण्यापूर्वी एसएसएचच्या पोर्टला परवानगी द्यावी. डेटाबेसच्या प्रोसेसवर तिला तत्काळ मारून टाकणारी ‘किल -९’ वापरू नये. डेटाबेस शांतपणे बंद होण्यास वेळ लागत असेल, तर तो वेळ द्यावा.

डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारे साधन) वापरणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे, की त्याच्या नेहमीच्या ‘जेसन-फाईल’ लॉगला आपण मर्यादा घालून दिल्याशिवाय मर्यादा नसते. नवा सर्व्हर हाती आला की मी ती मर्यादा पहिल्याच दिवशी घालतो आणि डिस्क ऐंशी टक्के भरताच इशारा येईल अशी व्यवस्था करतो. ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी ठेवणाऱ्या ‘क्रॉनटॅब’च्या बाबतीत, ‘ई’ आणि ‘आर’ या कळा कीबोर्डवर शेजारी आहेत, ‘-ई’ने ती यादी बदलण्यासाठी उघडते आणि ‘-आर’ने सर्व नेमलेली कामे काहीही न विचारता नाहीशी होतात, म्हणून मी ती कामे एका फाईलमध्ये लिहून गिटमध्ये (बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनात) ठेवतो आणि तेथूनच क्रॉनटॅबमध्ये चढवतो.