जुना व्हिडिओ गेम माळ्यावरून काढलाय? चालू करायच्या आधी या चुका टाळा

दिवाळीच्या साफसफाईत तो खोका खाली येतो. दोन रिमोट, एक बंदूक, पाच-सहा पिवळ्या कॅसेट असं सगळं असतं, फक्त ॲडाप्टर गायब. मग घरातला जो ॲडाप्टर त्या भोकात बसेल तो लावायचा, आणि इथेच वाट लागते. वीस-तीस वर्षं माळ्यावर पडून गेम मरत नाही, खाली आणल्यावर पाच मिनिटांत मरतो.

मीपण हेच केलंय. राउटरचा १२ व्होल्टचा ॲडाप्टर, पिन मस्त बसली, लाल लाईट एकदा लागली, मग करपल्यासारखा वास, बस्स. नंतर डोक्यात प्रकाश पडला की राउटरच्या पिनला सहसा मधे प्लस असतं आणि आपले ८-बिटवाले गेम ज्याची कॉपी आहेत तो निन्टेन्डोचा फॅमिकॉम (जपान, १९८३) बरोबर उलटा, मधे मायनस. सगळ्या कॉप्यांमधे तसंच असेल असंही नाही, त्यामुळे गेम पालथा घालून ते छोटं चित्र शोधा, मधे टिंब, भोवती गोल, एका बाजूला प्लस एका बाजूला मायनस. ॲडाप्टरवरचं चित्र त्याच्याशी जुळलं तरच लावा, नुसती पिन बसली म्हणून नाही. चित्र पुसलं असेल तर आधी रिपेअरवाल्याकडून बघून घ्या. आणि जुना जड ९ व्होल्टवाला ॲडाप्टर सापडला, मीटरवर १२-१३ दाखवतोय, तर लगेच फेकू नका, लोड नसताना, म्हणजे काही जोडलेलं नसताना, ते तसंच दाखवतात. गेमच्या आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो, तो ५ व्होल्ट करून देतो. बऱ्याचदा तोच उडालेला असतो आणि तो चहा-वड्याच्या पैशात मिळतो, म्हणजे करपला म्हणून गेम भंगारात द्यायची घाई नको.

अमेरिकेतल्या मामा-काकांनी आणलेला राखाडी एनईएस (फॅमिकॉमचाच अमेरिकेतला अवतार) असेल तर वेगळीच भानगड. त्याचा ॲडाप्टर १२० व्होल्टचा, आपल्या २३० च्या सॉकेटला नुसता पिन बदलून लावलात की गेलाच. शिवाय त्यातून ९ व्होल्ट एसी बाहेर येतो, डीसी नाही, एनईएसला तो चालतो पण तोच आपल्या कॉपीवाल्या गेमला लावला की मारलाच.

आता कॅसेट. फुंकर मारणं बंद करा! मला माहितीये सगळ्यांनी मारलीये आणि चालायची पण, पण चालायची ती कॅसेट काढून परत बसवल्यामुळे, पिना जरा घासल्या जायच्या म्हणून. फुंकरीतला ओलावा तांब्यावर बसतो आणि हळूहळू हिरवट चढतं, त्यात कोकण-मुंबईची पावसाळी हवा असेल तर बोलायलाच नको. कानातल्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावा, पिनांवर उभी फिरवा, काडी काळी होईल, पांढरी निघेपर्यंत नवी नवी काडी घ्या आणि पूर्ण वाळल्यावरच लावा. पॉलिश पेपरने घासू नका, वरचा मुलामा निघून जातो. कॅसेट काढताना आधी पॉवर बंद, हे सांगायला लागू नये पण सांगतो. एनईएसमधे लाल लाईट सेकंदाला एकदा लुकलुकत असेल तर मशीन गेलं नाहीये, आतल्या लॉकवाल्या (कॅसेट खरी आहे का ते बघणाऱ्या) चिपला कॅसेटचा नीट कॉन्टॅक्ट मिळत नाही म्हणून ती परत परत रीसेट करतेय. त्याच्या ७२ पिनांच्या कनेक्टरची ही जुनी खोड आहे, आधी साफसफाईच करा.

चित्र ब्लॅक अँड व्हाईट येतंय? घाबरू नका. नव्या टीव्हीत पिवळी आणि हिरवी पिन बऱ्याचदा एकाच भोकात जाते, मेनूत कंपोनंट निवडलं असेल तर रंग जातात, एव्ही करा. तरी नाही आले तर पाल-एनटीएससीचा, म्हणजे टीव्हीच्या दोन वेगळ्या रंगपद्धतींचा, घोळ बघा. टीव्हीच्या मेनूतच स्क्रीन ४:३ करा नाहीतर मारिओ जाडा दिसतो, आणि गेम मोड असेल तर लावा, उडी उशिरा पडायची कटकट कमी होते.

रिमोटचं बटण दाबलं जात नसेल तर स्क्रू काढा, रबराखालचा काळा कार्बन आणि सर्किटच्या पाटीवरचा भाग हलकेच पुसा, खरवडू नका. दुसऱ्या कंपनीचा रिमोट ९ पिनांचा आहे, बसतोय, म्हणून लावू नका, आतलं वायरिंग वेगळं असू शकतं.

आणि बंदूक. डक हंट या बदकं मारायच्या गेममधे बदक पडत नाही म्हणून बंदूक उघडून बसू नका. ट्रिगर दाबला की स्क्रीन क्षणभर काळी होते, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदूक तो उजेड शोधते. एलसीडी-एलईडीवर तो चौकोन उशिरा येतो, तोवर बंदुकीचं बघून झालेलं असतं. हे फक्त जुन्या डबा टीव्हीवरच चालतं, त्यामुळे तो अजून घरात असेल तर भंगारवाल्याला जरा थांबवा.