गावाकडं फिरायला चाललाय? मग या चुका टाळा

हल्ली शेतावर जाऊन हुरडा खायचा, चुलीवरचं जेवायचं, बैलगाडीत बसून फोटो काढायचे असं जोरात चाललंय आणि त्यात वाईट काहीच नाही. पण हे सगळं कृषी पर्यटन केंद्रात वेगळं आणि हजार-दोन हजार वस्तीच्या साध्या शेतकरी गावात वेगळं. केंद्रात तुम्ही पैसे भरलेले असतात, तिथली माणसं तुमच्यासाठीच थांबलेली असतात. गावात तुमच्यासाठी कुणीच थांबलेलं नसतं, प्रत्येकाच्या मागे काही ना काही काम लागलेलं असतं, आणि पाहुण्यांचे जे घोळ होतात ना, ते बहुतेक इथूनच सुरू होतात. मी लिहितोय ते महाराष्ट्रातल्या गावांबद्दल, त्यातही मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राचा कोरडवाहू भाग जास्त. कोकणात, मेळघाटात यातलं बरंच बदलेल.

सुट्टी बघून निघायचं, हंगाम बघायचाच नाही

ही सगळ्यात मोठी चूक. आपल्याला दिवाळीची सुट्टी असते म्हणून आपण दिवाळीत जातो, आणि नेमकं तेव्हाच सोयाबीनची काढणी चाललेली असते, वर ढग आलेले असतात, मजूर मिळत नसतात, एक पाऊस झाला की शेंगेतल्या दाण्याला कोंब फुटायची भीती, मळणी यंत्र नंबर लागेल तेव्हा येणार मग ते रात्री अकराला का येईना. अशा वेळी दारात चार शहरी पाहुणे उभे राहिले तर घरातली माणसं हसून या बसा म्हणणारच, पण मनात काय चाललेलं असेल ते तुम्हीच समजून घ्या. कापसाच्या पट्ट्यात गेलात तर दिवाळीनंतरही वेचणी लांबत जाते. जूनमध्ये मृगाचा पाऊस झाला की पेरणी, तेव्हा तर बापाचं लेकाकडं लक्ष नसतं.

मग जायचं कधी? डिसेंबर-जानेवारी बेस्ट. रब्बीची ज्वारी हुरड्यात आलेली असते, हवा थंड, रानात हरभरा, करडई, गहू उभा. हुरडा खायचा तर सुरती किंवा गूळभेंडी कुठं पेरलीय ते आधी विचारा, कारण सगळ्याच ज्वारीचा हुरडा चांगला होत नाही आणि कणसं कोवळी असण्याचे दिवस मोजकेच असतात, पंधरा दिवस उशिरा गेलात तर आगटीभोवती बसून कडक दाणे चावत बसावं लागेल. आणि एक दिवस असा आहे की अनोळखी माणसानं बिनधास्त जावं, तो म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, लातूर-धाराशिव भागात. त्या दिवशी लातूर शहर रिकामं होतं अक्षरशः, सगळे रानात, कडब्याच्या कोपीत पूजा आणि मग भज्जी, उंडे, आंबील. जेवायला माणूस जितका जास्त तितका शेतकरी खूश. बांधावरून जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतात.

मे महिन्यात रानात काम कमी असतं हे खरं, माणसं निवांत भेटतात, पण लग्नसराई असते आणि पाण्याचे हाल असतात, म्हणून मी तरी सांगणार नाही.

हंगामाइतकंच दिवसाचं टायमिंग. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच गावात म्हातारी माणसं आणि कुत्री सोडून कुणी नसतं, मग लोक म्हणतात गाव किती शांत आहे! शांत नाही हो, गाव कामाला गेलंय. आठच्या आत या नाहीतर दिवस मावळल्यावर. आठवडी बाजाराचा वार कोणता तेही विचारून घ्या, त्या दिवशी उरलेलेही तालुक्याला किंवा बाजाराच्या गावाला गेलेले असतात. आणि शेतीच्या पंपाची थ्री फेज लाईट बऱ्याच ठिकाणी एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री अशी फिरते. रात्रीचा आठवडा असेल तर तुमचा यजमान रात्रभर गव्हाला पाणी देत रानात असणार आणि सकाळी तुम्ही उत्साहात सहाला उठून चला शेत दाखवा म्हणणार. म्हणून फोनवर नुसतं "येऊ का" विचारू नका, "सध्या काय काम चाललंय, लाईट कधीची आहे" असं विचारा. एवढ्या एका प्रश्नानं निम्मे घोळ मिटतात.

मॅप दाखवतो म्हणून गाडी घालणं

मॅपला पाणंद आणि डांबरी रस्ता यातला फरक बऱ्याचदा कळत नाही. तो शॉर्टकट म्हणून जी वाट दाखवतो ती बैलगाडीची वाट असते, उन्हाळ्यात निघते कशीबशी, पण पाऊस पडून गेला असेल तर काळ्या मातीत गाडी गेलीच म्हणून समजा. फाट्यावर टपरी असते, तिथं थांबून विचारा, चहा पण होईल. "लांब नाही, हे काय इथंच" यावर मात्र विश्वास ठेवू नका, इथंच म्हणजे चार किलोमीटर असू शकतं.

आता फसलीच गाडी तर? पहिलं म्हणजे अॅक्सिलेटर दाबत बसू नका, चाक फिरेल तेवढं खोल जातं आणि मग गाडी खाली टेकते. उतरा, चाकामागची माती उकरा, खाली दगड, उसाचं पाचट, पोतं, मिळेल ते घाला आणि हळू मागे घ्या, पुढे नाही, कारण ज्या वाटेनं आलात ती निदान माहितीची आहे. नाहीच निघाली तर ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवाला पैसे नको म्हणेल, तरी डिझेलचे म्हणून द्याच, त्याचं काम थांबवून तो आलेला असतो.

एसटीनं जाणार असाल तर शेवटची गाडी किती वाजता हे डेपोतल्या बोर्डावर बघून भागत नाही, गावात विचारा. बऱ्याच गावांना मुक्कामी गाडी असते, संध्याकाळी येते, रात्री तिथंच थांबते आणि पहाटे पाच-सहाला परत निघते, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात. ती चुकली तर फाट्यापर्यंत चालायचं किंवा दूध डेअरीची गाडी बघायची, सकाळी दूध घेऊन टेम्पो जातोच, नाहीतर वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खाजगी जीप. आणि कॅश ठेवा जवळ, सुटे पैसे. यूपीआय टपरीवरपण चालतं आजकाल पण रेंज गेली की क्यूआर कोड नुसता भिंतीवर लटकलेला राहतो, आणि एटीएम तालुक्याला.

कुणाला न सांगता गावात हिंडणं

याला लोक हसण्यावारी नेतात पण हा विषय सिरीयस आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच निरपराध माणसांना ठार मारलं, भिक्षा मागत फिरणारी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती. व्हॉट्सअॅपवरच्या अफवांनी वातावरण तापलं होतं. २०२४ मध्ये रात्री ड्रोन फिरतायत म्हणून किती गावांनी रात्र-रात्र जागून काढली. त्यामुळं अनोळखी गावात गेल्यावर आधी पारावर, टपरीवर किंवा ग्रामपंचायतीत जाऊन राम राम घालायचा, कोण, कुठले, कशाला आलो ते सरळ सांगायचं, ओळखीचं कुणी असेल तर त्याचं नाव घ्यायचं. मुक्काम करणार असाल तर सरपंच किंवा पोलीस पाटलाच्या कानावर घाला. ड्रोन तर अजिबात विचारल्याशिवाय उडवू नका, आणि शाळेजवळ जाऊन अनोळखी पोरांना चॉकलेट वाटणं तर नकोच नको, हेतू कितीही चांगला असू दे.

तुम्हाला आडनाव विचारतील. मग गाव विचारतील, मग मूळ गाव विचारतील. त्यामागं बऱ्याचदा जात काढायचीच असते, काही वेळा नुसतीच पाहुण्यारावळ्यातली ओळख लागते का बघायची असते. उगाच लेक्चर देऊ नका पण गाव बघायचं तर सगळं बघा, पाटलाच्या वाड्यावर चहा घेतलात तर खालच्या वस्तीतही बसा. एका आळीत बसून आल्यावर अख्ख्या गावाबद्दल बोलायला लागतात काही लोक, ते मला पटत नाही.

रान म्हणजे बाग समजणं

बांधावरून चालायचं, सरीतून नाही. कोथिंबिरीचा वाफा तुम्हाला गवत वाटतो. हरभऱ्याचा डहाळा, पेरू, काकडी काहीही विचारल्याशिवाय तोडायचं नाही, विचारलंत तर शेतकरी ओंजळभर जास्तच देईल हो. आणि तोडलेलं तसंच तोंडात टाकायचं नाही, कालच फवारणी झालेली असू शकते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी-मजूर दगावले होते, म्हणून पाठीवर पंप घेतलेला माणूस दिसला की वाऱ्याची दिशा बघून लांब सरका, व्हिडिओ काढायला जवळ जाऊ नका. खळ्यावर धान्य पडलेलं असेल तर चपला बाहेर, आणि धान्यावरून पाय टाकून जायचं नाही.

जुन्या विहिरींना कठडा नसतो, काठावर गवत माजलेलं असतं, सेल्फी घेत मागे मागे सरकू नका. रानडुकरं येतात म्हणून काही जण तारेत करंट सोडतात, बेकायदेशीर आहे, त्यात माणसं गेलेली आहेत, पण सोडतात. त्यामुळं अंधार पडल्यावर रानातून आडवं चालायचंच नाही. जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडं असाल तर उसाच्या कडेला संध्याकाळी एकट्यानं जाऊन बसू नका, तिथं उसातच बिबट्या पिल्लं घालतो, आणि वाकलेला, बसलेला माणूस त्याला माणूस वाटत नाही.

सापाला घाबरून भलतंच करणं

चार विषारी साप लक्षात ठेवा, नाग, मण्यार, घोणस, फुरसं. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते आणि कित्येकदा कळतही नाही, सूज नाही, दुखत नाही, पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या मिटायला लागतात. म्हणून खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा, रात्री परसाकडं जाताना टॉर्च आणि बूट. चावलाच तर ब्लेड मारणं, रक्त चोखणं, दोरी आवळणं काही करायचं नाही, मांत्रिकाकडं तर मुळीच नाही. हात-पाय हलवू न देता १०८ ला फोन, आणि सापाच्या विषावरची लस असेल अशा दवाखान्यात, म्हणजे ग्रामीण रुग्णालयात थेट. गावातल्या गाडीनं लवकर पोचत असाल तर अॅम्ब्युलन्सची वाट बघत बसू नका. लस या चारही सापांवर एकच असते, साप मारून सोबत न्यायची गरज नाही.

पाणी आणि जेवण

हिवरे बाजारची गोष्ट सगळ्यांना माहिती असते, शेतीला बोअर घ्यायला बंदी, ऊस-केळीला नकार, पाण्याचा हिशेब मांडून पिकं ठरवायची. पण सगळीच गावं हिवरे बाजार नाहीत. नळाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी, तेही कुणीतरी भरून ठेवलेलं, आणि पाहुणा सकाळी दोन बादल्यांनी आंघोळ करतो. एक बादली. रांजणातलं पिण्याचं पाणी वेगळं, वापरायचं वेगळं, विचारून घ्या. पोट नाजूक असेल तर उकळलेलं मागायला लाजू नका, ओआरएसची पाकिटं जवळ असू द्या.

चहाला नको म्हणू नका, अर्धा कप म्हणा. जेवणाचं मात्र आधी सांगून ठेवा, माणसं किती ते नीट सांगा, कारण दहा जणांच्या भाकरी थापणं म्हणजे त्या घरातल्या बाईचा रानातला अर्धा दिवस मोडतो आणि ती स्वतः सगळ्यांच्या मागून जेवते. वाढताना ताटावर हात आडवा धरून बास म्हणायचं, दोनदा म्हणावं लागतं, पहिलं धरत नाहीत. ताटात टाकून उठणं फार वाईट दिसतं. मांसाहार नको असेल तर आधी बोला, तुमच्यासाठी कोंबडं कापून झाल्यावर नाही.

फोटो आणि निघताना

ओढ्यावर धुणं धुणाऱ्या, शेंगा तोडणाऱ्या बायकांचे लांबून झूम करून फोटो काढणारे लोक असतात, त्यांना काय म्हणावं. जवळ जा, "मावशी, एक फोटो काढू का" म्हणा. निम्म्या वेळा नाही म्हणतील, निम्म्या वेळा पदर सारखा करून मस्त हसतील.

यजमानाच्या हातात जेवणाचे पैसे ठेवू नका, राग येतो. जाताना फळं, पेढे, म्हाताऱ्यांना काहीतरी न्या, आणि निघताना घरातल्या लहान पोराच्या हातात खाऊला म्हणून ठेवा, ते चालतं. मुक्काम ठरवून पैसे देऊन केला असेल तर गोष्ट वेगळी, तिथं घासाघीस नको. तुम्हाला टॉवेल-टोपी देतील, बाईमाणूस असेल तर ओटी भरतील, नको नको करू नका. डिकीत शेंगा, डाळ, कांदे टाकतील, तेही घ्या, पण पुढच्या आठवड्यात त्यातल्या कशाचं काय केलं ते फोन करून सांगा. आणि काढलेले फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतो म्हणून नंबर घेता ना, मग पाठवा राव, त्याच रात्री पाठवा. आजीचा फोटो असेल तर प्रिंट काढून पोस्टानं पाठवा, त्यांच्याकडं स्मार्टफोन नसतो.