असोसिएटिव्ह मेमरी: सुरुवात हॉपफिल्डपासून नको

असोसिएटिव्ह मेमरी म्हणजे अर्धवट खुणेवरून साठवलेली पूर्ण गोष्ट आठवणारी स्मृती. या विषयात नवीन आलेले बहुतेक जण हॉपफिल्डचं १९८२चं न्यूरॉन-जाळं घेतात, त्यात हस्तलिखित अंकांची चित्रं भरतात आणि थोड्याच अंकांत अडकतात. कुठलाही अर्धवट अंक द्या, बाहेर तोच धूसर गोळा. कोड बरोबरच असतो. न्यूरॉनसंख्येच्या ०.१३८ पट पॅटर्न (चालू-बंद बिटांचे संच) मावतात, पण ही क्षमता रँडम पॅटर्नसाठी आहे. अंकांच्या चित्रांची काळी पार्श्वभूमी सारखीच, म्हणून ते एकमेकांत मिसळतात.

आधी विलशॉ, बुनेमन आणि लाँगेट-हिगिन्स यांचं १९६९चं मॉडेल करा. १००० इनपुट, १००० आउटपुट, मध्ये ० किंवा १ असलेले १० लाख खण. दोन्हीकडच्या पॅटर्नमध्ये फक्त १० बिट चालू. इनपुट-आउटपुट पॅटर्नची जोडी साठवताना चालू इनपुटच्या ओळी आणि चालू आउटपुटचे स्तंभ जिथे छेदतात त्या १०० खणांत १ लिहा; आधीच असेल तर राहू द्या. आठवताना चालू ओळींची स्तंभवार बेरीज करा. १० भरली (हा उंबरठा), तो आउटपुट चालू.

आता बिटांचा हिशेब. रँडम पॅटर्नच्या सुमारे ६,९०० जोड्यांनी निम्मे खण भरतात. मग बंद हवा असलेला आउटपुट चुकून पेटण्याची शक्यता १०२४ मध्ये १. असे आउटपुट ९९०, म्हणजे दर आठवणीमागे जवळपास एक बिट फुकटचा. ३,५०० जोड्यांवर थांबलात तर असा बिट दोनशे आठवणींत एखादा. पण खूण (आठवण्यासाठी दिलेला इनपुट) अर्धी, म्हणजे ५ बिटांची दिली आणि उंबरठा ५ वर आणला, की दर आठवणीमागे दोनावर फुकटचे बिट. निम्म्या भरलेल्या जाळ्यात तर ३१! पूर्ण खुणेवरच चाचणी घेऊन खूश होणं ही नेहमीची चूक.

एका पॅटर्नमध्ये सुमारे ७८ बिट माहिती मावते. म्हणून ३,५०० जोड्यांना खणामागे ०.२७ बिट पडतात. सगळीकडे दिसणारा खणामागे ०.६९ बिट हा आकडा अतिप्रचंड जाळ्यांचा आहे, प्रोजेक्टमध्ये तो गाठायला जाऊ नका.

खुणेत एका बिटाच्या जागी चुकीचा बिट जरी आला, तरी १० चा उंबरठा बरेचसे बरोबर बिटही गाळतो. त्यापेक्षा सर्वांत मोठ्या १० बेरजा निवडा. फळमाशीच्या मेंदूच्या दर बाजूला हेच काम एक निरोधक (इतर पेशींना दाबणारा) न्यूरॉन करतो: वासासाठीच्या सुमारे २००० केनियन पेशींपैकी ५ टक्क्यांच्या आसपासच पेटतात. मात्र ते ५ टक्के जसेच्या तसे उचलू नका. १००० मध्ये ५० बिट चालू ठेवलेत तर चुका नगण्य होतील, पण निम्मे खण २७७ जोड्यांतच संपतील.