बडोद्यातून समुद्रविज्ञानाकडे: आधी बाटली भरायला शिका

समुद्रविज्ञान म्हटलं की दांडिया बाजारातल्या काका-मावशींना पाणबुडी आणि देवमासे आठवतात. संशोधन जहाजावर नवख्याच्या हाती मात्र बहुधा काचेची बाटली येते, आणि तिथेच त्याची परीक्षा होते.

मुख्य यंत्र सीटीडी. ते पाण्याची विद्युतवाहकता, तापमान आणि दाब मोजतं. क्षारता वाहकतेवरून काढतात. त्याच्याभोवती निस्किन बाटल्यांचं, म्हणजे खोलीवरचं पाणी पकडणाऱ्या बाटल्यांचं कडं, साधारणपणे १२ किंवा २४. विंचवरून, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रावरून, सेकंदाला सुमारे एक मीटर वेगाने ते खाली सोडतात, आणि वर येताना ठरलेल्या खोलीवर थांबून एकेक बाटली बंद करतात.

डेकवर आल्यावर पहिला मान ऑक्सिजनच्या नमुन्याचा, क्षारतेचा शेवटी. कारण निस्किनमधलं पाणी काढलं की त्या जागी हवा शिरते, तिच्यातला ऑक्सिजन पाण्यात मिसळतो. रबरी नळी नमुन्याच्या बाटलीच्या तळाला टेकवा, बाटलीच्या दोन-तीनपट पाणी वाहून जाऊ द्या आणि नळी सावकाश काढा. मग मँगनीजचं द्रावण आणि अल्कधर्मी आयोडाइड पृष्ठभागाखाली सोडून बूच लावा, हलवा. एक बुडबुडा राहिला तरी नमुना गेला. विशेषतः अरबी समुद्रात, कारण तिथे सुमारे १५० ते १००० मीटरच्या पट्ट्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. साका तपकिरी होतो तो ऑक्सिजनमुळे; तिथल्या बाटलीत तो पांढुरकाच राहतो, आणि नवखा द्रावणं खराब झाली म्हणून ओतून देतो. ओतू नका! तोच तर खरा निकाल.

ऑक्सिजन मोजायची ही विंकलर पद्धत कॉलेजच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, सूरसागर तळ्याच्या पाण्यावर गिरवता येते. पहाटे आणि दुपारी नमुना घ्या. शेवाळाने उन्हात ऑक्सिजनमध्ये केलेला फरक थायोसल्फेटच्या ब्युरेटवर दिसेल: थायोसल्फेट जास्त लागलं म्हणजे ऑक्सिजन जास्त. तळ्याच्या पाण्याला अझाइड घातलेलं आयोडाइड वापरा, नाहीतर नायट्राइटमुळे आकडा उगाच वाढतो.

दुसरी तयारी घरबसल्या होते. जगभर तरंगणारे सुमारे ४,००० अर्गो फ्लोट, म्हणजे आपोआप मोजणी करणारी यंत्रं, १,००० मीटरवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत उतरून वर येताना तापमान-क्षारता नोंदवतात. ही माहिती फुकट मिळते. आलेख काढण्याआधी गुणवत्तेचा शेरा बघा: १ म्हणजे चांगलं, ४ म्हणजे टाकाऊ. ही चाळणी न लावता क्षारतेच्या उंच सुळक्यांतून सिद्धांत काढणारे बरेच भेटतात.

पदवी रसायन, भौतिक, भूशास्त्र, प्राणिशास्त्र, कुठलीही चालते. पुढे गोवा विद्यापीठात किंवा कोचीच्या कुसॅट विद्यापीठात एमएस्सी, आणि सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत पृथ्वी, वातावरण व महासागर विज्ञानाचा पेपर. गोव्याच्या दोना पावला इथली एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, १९६६ची; पीएचडीसाठी बहुतेकांची नजर तिथेच असते. हैदराबादचं इन्कॉइस (महासागर माहिती सेवा केंद्र) आणि चेन्नईचं एनआयओटी (महासागर तंत्रज्ञान संस्था) विसरू नका. पायथन ही संगणकभाषा येत असेल तर इन्कॉइसच्या कामाशी सूर लवकर जुळतो.

आणि बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून जहाज सुटायच्या आधी घ्या. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही.