केमोनंतरच्या मुंग्या आणि लाइट थेरपी: सेंटरची पायरी चढण्याआधी

गोदाघाटावर आईची एक चप्पल पायातून निसटली आणि ती दहा-बारा पावलं तशीच चालत राहिली. मी मागे वळून पाहिलं तेव्हा चप्पल पायरीवर पडलेली. केमोने पायाच्या नसांचं काय झालंय हे त्या दिवशी कळलं. मग बधिरपणा आणि मुंग्या कमी होतील म्हणून आम्ही लाइट थेरपीची, म्हणजे प्रकाशाने उपचार करणारी, मशीन शोधत नाशिकभर फिरलो आणि तिथेच चुकलो. खरी तयारी घरून आणि ऑन्कॉलॉजिस्टच्या (कर्करोगतज्ज्ञांच्या) केबिनमधून सुरू करायची असते.

तर पायांचा त्रास आधी ऑन्कॉलॉजिस्टना सांगा. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्सॅलिप्लॅटिन, सिस्प्लॅटिन, व्हिन्क्रिस्टिन, बॉर्टेझोमिब या औषधांनी नसांना इजा होऊ शकते. बहुतेकदा पायाच्या बोटांपासून बधिरपणा वर सरकतो, मोजे घातल्यासारखा. केमो चालू असेल तर तो लपवू नका. "डोस कमी करतील" या धास्तीने आई केमोच्या दोन फेऱ्या गप्प बसली. डोस कमी करायचा की औषध बदलायचं हे ठरवायला डॉक्टरांना वेळेत कळायला हवं ना. केमो संपली असली तरी सांगा, कारण सिस्प्लॅटिन, ऑक्सॅलिप्लॅटिन थांबवल्यावरही काही महिने त्रास वाढत राहू शकतो. त्याच भेटीत साखर, थायरॉइड आणि व्हिटॅमिन बी-१२ तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघतं, आणि त्यानेही मुंग्या येतात. दुखणं सोसवत नसेल तर ड्युलॉक्सेटिन या औषधाबद्दल विचारा. अमेरिकी कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये अशा दुखण्यावर शिफारस केली ती या एकाच औषधाची. लाइट घेतोय म्हणून ते औषध मनाने बंद करू नका.

आता लाइट कोणता, हे पक्कं करा. माझ्या मते सगळ्यात मोठं काम हेच. आपल्याला हवी ती फोटोबायोमॉड्युलेशन: साधारण ६०० ते १००० नॅनोमीटरचा (प्रकाशाच्या तरंगलांबीचं माप) लाल किंवा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश, लेझरमधून किंवा एलईडी पॅडमधून. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामधलं एक एन्झाइम हा प्रकाश शोषतं आणि पेशीला ऊर्जा तयार करायला हातभार लागतो, असा त्यामागचा विचार. १९६७ च्या सुमारास बुडापेस्टमध्ये एन्ड्रे मेस्टर या डॉक्टरांना लेझर दिलेल्या उंदरांचे भादरलेले केस लवकर उगवताना दिसले, तिथून हे सुरू झालं. केमो-रेडिएशनमध्ये तोंड येऊ नये म्हणून ही पद्धत आता शिफारशीत आहे. नसांसाठीचे प्रयोग अजून लहान आहेत, पण आशा वाटावी असे आहेत.

फिजिओथेरपीत शेक देणारा लाल दिवा असतो तो वेगळा. तो उष्णता देतो. आम्ही पहिल्यांदा गेलो तिथे तोच लावला. "काही लागतंय का आजी?" "नाही हो, काहीच नाही." लागणार कसं? रात्री घोट्याजवळ रुपयाएवढा फोड. म्हणून फोनवरच विचारा: किती नॅनोमीटर, शेक लागतो का, डोळ्यांना चष्मा देता का, केमोच्या पेशंटना आधी दिलंय का. उत्तर देताना समोरचा अडखळला तर तिथे जाऊ नका. गाठीची जागा, गर्भारपण, डॉक्सिसायक्लिनसारखी त्वचा उन्हाला हळवी करणारी गोळी, गोंदण, सगळं आधीच सांगा. गाठ असलेल्या जागेवर प्रकाश द्यायचा की नाही, ते फक्त ऑन्कॉलॉजिस्ट ठरवतील.

पहिल्या सिटिंगच्या आधी एक कागद तयार करा. त्यावर पाऊल ठेवून पेन्सिलने बाह्यरेषा काढा. पेशंटने डोळे मिटायचे, तुम्ही कापसाचा बोळा एकेका बोटाला हलकेच टेकवायचा, कळलं नाही तो भाग रंगवायचा. टाचणी नको. दुखणं शून्य ते दहात किती, ब्लाउजचे हुक लावायला किती वेळ, मेथी निवडता येते का, तेही लिहा आणि वर तारीख टाका.

जायच्या दिवशी पाय धुऊन कोरडे करा. तेल, क्रीम, नेलपॉलिश नको. जोडवी-पैंजण घरीच काढून ठेवा. पट्ट्याच्या, मागून बंद चपला घाला. बधिर पायाने सिटीलिंकच्या बसची पायरी चढताना कुणीतरी मागे हवं. आठवड्याला दोन-तीन सिटिंग, तेही काही आठवडे, अशी साधारण पद्धत असते. त्यामुळे सिन्नर-दिंडोरीहून येणाऱ्यांनी सोबत कोण येणार ते आधीच ठरवावं.

थंडीत सुरू करत असाल तर निफाडकडचा गारठा विसरू नका. ऑक्सॅलिप्लॅटिन चालू असलेल्यांना गार फरशीनेही झिणझिण्या येतात. लोकरी मोजे घाला, पण गरम पाण्याची पिशवी पायाशी नको, आणि अंघोळीचं पाणी दुसऱ्याने कोपर बुडवून बघावं. सिटिंगहून आल्यावर बोटांच्या बेचक्यांत टॉर्च मारून बघा, रोज.

पैसे मात्र एकदम भरू नका. पॅकेज गळ्यात मारायला बघतात. सहा सिटिंगचे द्या, मग तोच कागद काढून पुन्हा कापूस फिरवा. रंगवलेला भाग तसूभरही हलला नसेल तर पुढचे पैसे देण्याआधी तो कागद घेऊन ऑन्कॉलॉजिस्टकडे जा.