खान्देशात घर बांधताय? काम झाकलं जाण्याआधी बघा, आणि या चुका टाळा

कापसाचे पैसे हातात आले की दिवाळीनंतर आपल्याकडे घरांची कामं निघतात. कोणी पाडव्याला कुदळ मारतं, कोणी आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) मुहूर्त धरतं. मुलगा सुरतेला किंवा पुण्याला नोकरीला असतो, गावात आई-वडील असतात, आणि सगळं घर स्लॅबच्या दिवशी एकत्र येतं. नारळ फुटतो, मजुरांसाठी वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी होते, फोटो निघतात.

तो दिवस आनंदाचा, त्यात वाद नाही. पण घराचं बरंवाईट त्याच्या आदल्या दिवशीच ठरलेलं असतं. फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया, मातीखाली जातं, सळई काँक्रीटमध्ये जाते, पाइप गिलाव्याखाली जातात. एकदा झाकलं की मालकाला काही दिसत नाही आणि दुरुस्तीचा खर्च कितीतरी पटीने वाढतो. म्हणून साइटवर किती वेळा गेलात याला फार अर्थ नाही. कोणती गोष्ट झाकली जाणार आहे आणि ती आपण आधी पाहिली का, एवढंच महत्त्वाचं.

शेजाऱ्याएवढाच पाया खोदणं

केळी आणि कापसाला जी भारी काळी जमीन लागते, तीच घराला सगळ्यात जास्त छळते. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हे दर वर्षी होतं. तिच्यावर टेकलेलं घर दर वर्षी थोडं उचललं जातं, थोडं खाली बसतं, आणि तेही सगळीकडे सारखं नाही. यावल, रावेर, चोपड्याच्या तापीकाठच्या पट्ट्यात तर मातीचा थर बराच खोल असतो.

तरीही पायाची खोली ठरते कशी? "बाजूच्या घराला पाच फूट घेतलं होतं, आपणही पाच फूट घेऊ." एकाच प्लॉटच्या दोन टोकांना मुरूम वेगवेगळ्या खोलीवर लागतो. कुठे जुनी विहीर बुजवलेली असते, कुठे नाल्याचा भराव असतो. खोली फुटांत ठरवू नका, तळाला काय लागलं त्यावर ठरवा. प्रत्येक खड्ड्यात स्वतः उतरून बघा. तळाला काळी माती असेल तर अजून खोदायचं. पक्का मुरूम किंवा खडक लागेपर्यंत पीसीसी (तळाला टाकतात ते साधं काँक्रीट) टाकू द्यायचं नाही.

मुरूम आवाक्यातल्या खोलीवर लागतच नसेल, तर मातीची तपासणी करून इंजिनिअरकडून वेगळा पाया काढून घ्यावा लागतो. अशा जमिनीसाठी अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत खोल घेतलेले काँक्रीटचे खांब) ही पद्धत आहे. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ती काळ्या मातीसाठीच विकसित केली. पाइलचं खालचं टोक फुगवलेलं असतं आणि ते ओल बदलणाऱ्या थराच्या खाली रुतवतात. खोल काळ्या मातीत ही पाइल कमीत कमी साडेतीन मीटर खोल घेतात. पैसे जास्त जातात. पण दर उन्हाळ्यात भिंती बुजवत बसणाऱ्या घरांची अवस्था पाहिली की तो खर्च मला कधीच जास्त वाटत नाही.

पायाचं खोदकाम कोरड्या दिवसांत करा आणि खड्डे उघडे ठेवू नका. पाऊस येऊन तळ चिखल झाला, तर तो मऊ थर काढूनच पुढचं काम होऊ द्या.

यानंतरची चूक सर्रास होते. खड्ड्यातून निघालेली काळी माती समोरच ढीग करून पडलेली असते, म्हणून तीच जोत्यात भरतात. मुरमाचे चार डंपर वाचतात आणि दोन पावसाळ्यांत फरशी मधोमध उचलली जाते, दार चौकटीत अडकायला लागतं. जोत्यात मुरूमच हवा, तोही एकदम न ओतता सहा-सहा इंचांचे थर देऊन, पाणी मारून, धुमसून. रात्री डंपर येतो आणि सकाळी मुरमाखाली काळी माती दडलेली असते, असंही होतं. त्यामुळे भरणी चालू असताना घरातलं कोणीतरी तिथे पाहिजेच.

घर उभं राहिल्यावरही पाणी पायापासून दूर ठेवावं लागतं. चारही बाजूंनी किमान तीन फूट रुंद, बाहेरच्या बाजूला उतार असलेला कोबा करा. मोरीचं पाणी भिंतीच्या कडेला मुरू देऊ नका. गच्चीचे पाइप तिथेच खाली सोडून देऊ नका. पिंपळ, वड, निलगिरी घराला खेटून लावू नका. मुळं एका बाजूची ओल ओढून घेतात आणि घर त्या बाजूला बसतं.

स्लॅब ओतताना पोहोचणं, बांधणी तपासायला न जाणं

आदल्या दिवशी संध्याकाळी, सेंट्रिंग आणि सळई पूर्ण झाल्यावर, टेप घेऊन वर चढा. इंजिनिअरचा नकाशा हातात ठेवा. सळईची जाडी आणि दोन सळयांमधलं अंतर नकाशाप्रमाणे आहे का ते मोजा. मिस्तरी म्हणेल, "व्हई जाई भाऊ, आम्ही रोज करतो हे." रोज करत असतील, तरी मोजा.

सगळ्यात आधी बघा बाल्कनी आणि छज्जा. भिंतीबाहेर लटकणाऱ्या भागात मुख्य सळई वरच्या अंगाला हवी, कारण ताण तिथे येतो. ती खाली बांधली, किंवा नीट बांधूनही ओतताना मजुरांच्या पायाखाली दबून खाली गेली, तर सेंट्रिंग काढल्यावर तो भाग पडू शकतो. माणसं दगावणारी चूक आहे ही. सळई वर धरून ठेवायला लोखंडी चेअर लागतात, त्या मोजून घ्या. ओतताना चालण्यासाठी फळ्या टाकायला लावा. बीमवरच्या जादा सळयांचंही तेच. त्या तुडवल्या की काम करत नाहीत.

कव्हर ब्लॉकची, म्हणजे सळई फळीपासून वर धरणाऱ्या ठोकळ्यांची, गोष्ट छोटी वाटते, पण दहा-पंधरा वर्षांनी गंज तिथूनच सुरू होतो. स्लॅबला २० मिमी, कॉलमला ४० मिमी, फुटिंगला ५० मिमी एवढं काँक्रीट सळईच्या बाहेर हवं. खडीचे तुकडे किंवा फरशीच्या चिपा लावून भागवू देऊ नका. ब्लॉक लागतात तरी किती पैशांचे! कॉलमच्या रिंगांची टोकं ९० अंशांत नकोत, १३५ अंशांत आत वळलेली हवीत.

टेकू मातीवर सरळ उभे असतील तर खाली फळी द्यायला सांगा. पंख्याचे हुक, विजेचे पाइप, बाथरूमचे खाली घेतलेले भाग हेही त्याच संध्याकाळी बघून घ्या.

ओतण्याच्या दिवशी मात्र एकाच गोष्टीवर डोळा ठेवा, ती म्हणजे पाणी. माल पातळ झाला की पसरायला सोपा जातो, म्हणून मजूर ड्रममधून मनमानी पाणी घालतात. एम-२० (घराच्या स्लॅबला सहसा वापरतात त्या दर्जाच्या) काँक्रीटमध्ये ५० किलोच्या एका गोणीला सगळं मिळून २७-२८ लिटरच्या पुढे पाणी नको. वाळूत असलेली ओलही त्यातच धरायची. जास्तीचं पाणी उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या ठेवतं, त्यामुळे काँक्रीट कमजोर होतं. माल कोपऱ्यात भरायचं काम व्हायब्रेटरचं आहे. ते साइटवर दोन असावेत, एक बंद पडतोच.

सिमेंटच्या गोणीवर कोणत्या आठवड्यात माल तयार झाला ते छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुना माल परत करा. गिरणा-तापीची वाळू असो की क्रशसँड, काचेच्या बाटलीत थोडी घालून मिठाच्या पाण्यात हलवा आणि दोन-तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून जास्त दिसला तर ती गाडी उतरवून घेऊ नका.

मे महिन्याच्या उन्हात पाणी कमी मारणं

दिवाळीनंतर निघालेल्या कामाचा स्लॅब नेमका एप्रिल-मेमध्ये येतो. होळीला सातपुड्यातले आदिवासी मजूर भोंगऱ्या सणासाठी गावी जातात, मग लग्नसराई लागते, काम रेंगाळतं. आणि जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास असताना ओतायची वेळ येते. जमत असेल तर मी तरी स्लॅब फेब्रुवारीच्या आत आटपायला सांगेन. त्यासाठी दसऱ्यालाच सुरुवात करावी लागते, मुहूर्त तोही चांगलाच आहे.

मेमध्येच ओतावा लागला तर भर दुपारी नको. पहाटे लवकर सुरू करा, किंवा ऊन उतरल्यावर दिवे लावून. खडीवर आदल्या दिवसापासून पाणी मारून ती थंड ठेवा. पाण्याचा ड्रम सावलीत ठेवा. ओतून झालेला भाग हाताला कडक लागला की लगेच ओलं गोणपाट टाका, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. गरम कोरड्या वाऱ्यात पहिल्या काही तासांतच वर केसासारख्या चिरा पडतात.

मग स्लॅबवर आळी, म्हणजे छोटे बांध, करून पाणी साठवायचं. भारतीय मानक ४५६ नुसार कोरड्या, गरम हवेत किमान १० दिवस ओल टिकवायला हवी, आणि आपण बहुतेक जण पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट वापरतो, त्याला १४ दिवस द्यावेत. सकाळ-संध्याकाळ नळीने फवारा मारणं आपल्या उन्हाळ्यात पुरत नाही. दोन फवाऱ्यांच्या मध्ये स्लॅब पूर्ण सुकतो.

इथे अडचण पाण्याचीच येते. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर दोन इंच पाणी उभं करायला साधारण ४,७०० लिटर लागतं, म्हणजे एक टँकर. रोज उडून जाईल ते वेगळं. उन्हाळ्यात गावाला पिण्याच्या पाण्याची मारामार असते, तिथे हे पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न ओतण्याच्या दिवशी पडून उपयोग नाही. अंदाजपत्रकात सळई-सिमेंटच्या ओळीखाली टँकरची ओळ हवी. कॉलमलाही गोणपाट गुंडाळून ओलं ठेवायचं असतं, तिकडे कोणाचंच लक्ष नसतं.

सेंट्रिंग काढायची घाई ठेकेदाराला असते, कारण प्लेटा पुढच्या साइटवर न्यायच्या असतात. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी आणि त्याहून मोठ्याचे १४ दिवसांनी काढता येतात, पण हे आकडे साध्या ओपीसी सिमेंटचे आहेत. पीपीसी सावकाश घट्ट होतं, म्हणून त्याहून जास्त दिवस द्या. सहा मीटरपेक्षा लांब बीमला २१ दिवस ठेवा. हे करारात लिहून घेतलं की नंतर भांडण होत नाही.

विटांचंही एक सांगायला हवं. दीपनगरच्या वीज केंद्राच्या राखेमुळे आपल्याकडे राखेच्या विटा भरपूर मिळतात, आणि त्या चांगल्या असतात. पण ताज्या, न पिकलेल्या विटा भिंतीत गेल्या की नंतर आकसतात आणि गिलाव्यावर सांध्यांच्या चिरा उमटतात. दोन विटा एकमेकींवर आपटून खणखणीत आवाज येतो का बघा. लाल विटा मात्र लावण्याआधी पाण्यात नीट भिजवायलाच हव्यात.

दूर राहून लक्ष ठेवणारे, आणि पैशाची उचल

बाहेरगावी असाल तर "फोटो पाठवा" एवढं सांगून भागत नाही. फोटोत टेप लावलेला हवा, जागा ओळखू यायला हवी. गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचे विजेचे आणि पाण्याचे पाइप टेपसकट फोटोत घ्या. पुढे खिळा ठोकताना तेच फोटो उपयोगी पडतात. आणि गावात लिंबाखाली खुर्ची टाकून दिवसभर बसणारे आप्पा किंवा नाना असतील, तर त्यांच्याएवढा चांगला देखरेख करणारा पगार देऊनही मिळत नाही. त्यांना नेमकं काय बघायचं आणि काय मोजायचं ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या.

उचल कामाच्या पुढे जाऊ देऊ नका. जोतं, स्लॅब, भिंती, गिलावा असे टप्पे ठरवा आणि टप्पा तपासल्यावरच पैसे द्या. चौरस फुटाच्या दरात जिना, छज्जा, पाण्याची टाकी कशी मोजणार, मिक्सर आणि पाणी कोणाचं, हे आधीच लिहून घ्या. हद्दीची सरकारी मोजणी कुदळ मारण्याआधी, नंतर नाही.

तडा दिसलाच तर

सगळे तडे सारखे नसतात. लगेच क्रॅकफिलर भरून रंग दिला तर आजार तसाच राहतो.

गिलाव्यावर जाळीसारख्या बारीक चिरा असतील तर पाणी कमी मारलं किंवा मालात सिमेंट जास्त झालं. दिसायला वाईट, घराला धोका नाही. बीमच्या खाली आडवी सरळ रेघ असेल तर वीटकाम घाईने बीमला भिडवलं. तिथला गिलावा पट्टीने काढून, जाळी मारून पुन्हा करावा लागतो. वरच्या मजल्यावर स्लॅबच्या लगेच खाली भिंतीत आडवा तडा आला तर बहुधा गच्ची उन्हाने प्रसरण पावते आहे. गच्चीवर पांढरा उष्णतारोधक थर द्या. घरही गार राहतं.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला, एका टोकाला रुंद होत जाणारा तडा मात्र गंभीर. त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा आणि काचेची पट्टी आडवी चिकटवा. काच फुटली तर हालचाल अजून चालू आहे. उन्हाळ्यात रुंदावतो आणि पावसाळ्यात मिटतो असं दिसलं तर काळी माती काम करते आहे. तेव्हा आधी मोरीचा आणि गच्चीचा पाइप, भोवतालचा कोबा, गळणारी टाकी तपासा. बऱ्याच घरांना पायाशी मुरणारं पाणी थांबवल्यावरच आराम पडतो. एक पूर्ण वर्ष खुणा बघितल्यावरच भिंतीची दुरुस्ती करा.

छताला खालून सळईच्या रेषेत तपकिरी डाग किंवा सरळ चिरा दिसल्या तर पुट्टी मारू नका. तिथे हातोडीने हलकेच ठोका. पोकळ आवाज आला तर आतली सळई गंजून काँक्रीट सुटलेलं आहे. त्या खोलीत कोणाला झोपवू नका, वर मजला चढवायचा बेत असेल तर तो थांबवा, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागेवर बोलावून घ्या.