‘मॉडेस्ट’ म्हणजे केवळ ‘नम्र’ नव्हे : या चुका टाळा

इंग्रजीतील ‘मॉडेस्ट’ या विशेषणाचा ‘नम्र’ एवढा एकच अर्थ पाठ करून तो सरसकट लावण्याची सवय मला अर्ज, शिफारसपत्रे आणि भाषांतरे तपासताना सतत आढळते. हा शब्द लॅटिनमधील ‘मोडुस’, म्हणजे माप किंवा मर्यादा, या शब्दाच्या कुळातला आहे. मर्यादा वागण्याबोलण्यात असेल तर तो विनय ठरतो, रकमेत किंवा आकारात असेल तर बेताचेपणा आणि पेहरावात असेल तर शालीनता. म्हणून हे विशेषण कोणत्या नामाला लागले आहे, हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ ठरवताच येत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक याच ठिकाणी होते. एका अत्यंत हुशार विद्यार्थिनीच्या मार्गदर्शकांनी तिच्या शिफारसपत्रात ‘हर मॉडेस्ट अचीव्हमेंट्स’ असे लिहिले होते. एवढे यश मिळवूनही ती नम्र आहे, असे त्यांना सांगायचे होते. वाचणाऱ्यांना मात्र ‘तिचे जेमतेम यश’ एवढेच कळले. तुमचे मार्गदर्शकच तुमचे काम मर्यादित असल्याचे म्हणतात, असे मुलाखतीत ऐकावे लागल्यावर ती गोंधळून ते पत्र घेऊन माझ्याकडे आली. पत्रातले इंग्रजी व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते, म्हणून तर ही चूक कोणाच्या नजरेस आली नव्हती. विनय माणसाचा असतो, यशाचा नव्हे. त्यामुळे ‘शी इज मॉडेस्ट अबाउट हर अचीव्हमेंट्स’ असे लिहून ते यश भरीव असल्याचे पुढच्या वाक्यात स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक होते. मी स्वतः वहीत हे विशेषण कधीही एकटे लिहीत नाही; ‘मॉडेस्ट इन्कम’ म्हणजे बेताचे उत्पन्न, ‘मॉडेस्ट हाउस’ म्हणजे लहानसे, साधे घर, अशा जोड्याच लिहितो. फोनवरच्या शब्दकोशातला पहिला अर्थ उचलून पुढे पळणाऱ्यांना हे वेळखाऊ वाटते, पण शब्द वापरण्याची घाई असणाऱ्याने निदान त्याची संपूर्ण नोंद वाचण्याइतका धीर धरावा, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा गोंधळ ‘हंबल’ या शब्दाशी होतो. ‘हंबल रिक्वेस्ट’ ही नम्र विनंती असते, तर ‘मॉडेस्ट रिक्वेस्ट’ ही माफक मागणी असते. पहिलीत विनंती करणाऱ्याची भूमिका दिसते, तर दुसरीत मागितलेल्या गोष्टीचा लहानपणा. स्वतःचे मत नम्रपणे मांडताना ‘हंबल ओपिनियन’ असेच म्हणतात आणि तेथे ‘मॉडेस्ट’ खटकते. या दोन शब्दांना समानार्थी म्हणून एका ओळीत छापणाऱ्या याद्या मी विद्यार्थ्यांच्या हाती देत नाही.

‘मॉडरेट’ हा शब्द याच कुळातला असला, तरी त्याचा रोख मधल्या प्रमाणाकडे असतो आणि ‘मॉडेस्ट’चा थोडेपणाकडे. म्हणून अहवालात वाढ ‘मॉडेस्ट’ आहे असे म्हटले असेल, तर ती ‘मध्यम’ न लिहिता ‘अल्पशी’ किंवा ‘माफक’ लिहावी.

कपड्यांच्या संदर्भात ‘साधे’ हा अर्थ घेऊ नये. भरजरी, महागडा पोशाखही अंग नीट झाकणारा असेल तर ‘मॉडेस्ट’ ठरू शकतो.

नाम करताना ‘मॉडेस्टी’ वापरावे, ‘मॉडेस्टनेस’ नको.

‘इमॉडेस्ट’ हे विरुद्धार्थी रूप बढाईखोर बोलण्याला किंवा असभ्य वेशाला लागते, पण मोठ्या उत्पन्नाला लागत नाही. बेताच्या उत्पन्नाच्या उलट काही सांगायचे असेल, तर ‘सब्स्टॅन्शियल’ किंवा सरळ ‘लार्ज’ लिहावे.